डाव्या हाताची नखं

आमच्या घरात नेलपॉलिश फक्त उजव्या हाताला लावायचं, असा नियम होता. नियम अर्थात सासूबाईंचा. त्यांना मी आत्या म्हणायची. लग्न होऊन नांदेडहून लातूरला आले तेव्हा माझी दहाही नखं मरून रंगाची होती, आतून मोत्यासारखी झाक मारणारी. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेला बसायच्या आधी आत्यांनी माझा डावा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि अंगठ्याच्या नखाने माझं एकेक नख खरवडायला लागल्या. रागावलेल्या नव्हत्या. शेंगा फोडत बसावं तशा निवांत बसल्या होत्या.

"ह्यो हात लिंगाचा हाय," त्या म्हणाल्या. "उजव्याला तुला काय लावायचं ते लाव."

आम्ही लिंगायत. गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर ठेवायचं, उजव्या हाताने भस्म लावायचं, बेल वाहायचा आणि त्याच्याकडे एकटक बघत बसायचं, ही आमची पूजा. माझ्या माहेरी ती सोमवारी व्हायची, आणि तीही दूध उतू जायच्या आत आटपायची. इथे ती रोज, आणि झाल्याशिवाय चहाचा घोटसुद्धा नाही. नवी नवरी म्हणून मी मान डोलावली. पुढे वीस-बावीस वर्षं डोलावतच राहिले.

नेलपॉलिश सोडून द्यायला काय झालं होतं, असं कुणीही विचारेल. मला ते सोडायचं नव्हतं, एवढंच. दिवसभराच्या रामरगाड्यात ती बाटली उघडून बसले की कुणी हाक मारली तरी "हात ओले आहेत" म्हणता यायचं. दुसरं कुठलंही कारण आमच्या घरात चालत नसे. पण उजव्याच हाताला लावायचं म्हणजे काय, ते ज्याने लावलंय त्यालाच कळेल. उजव्या हाताने डावा रंगवणं सोपं. डाव्या हाताने उजवा रंगवायचा तर ब्रश थरथरतो, रंग कातडीवर जातो, काडीला कापूस गुंडाळून पुसत बसावं लागतं. म्हणजे सोपा हात देवाला आणि अवघड हात मला. वर कणीक मळायची उजव्याने, भांडी घासायची उजव्याने. दोन दिवसांत टोकं उडून जायची. भिशीतल्या बायका विचारायच्या, बाटली अर्ध्यातच संपली का म्हणून. मी सांगायची, दुसरा हात सासूबाईंच्या नावावर आहे.

त्या हसायच्या आणि मीही हसायची. आता हे लिहिताना हसू येत नाही.

मागच्या वर्षी संक्रांत झाली आणि आत्यांची डावी बाजू गेली. सकाळी अंथरुणातून उठायला गेल्या त्या तशाच कलंडल्या. दवाखाना झाला, महिनाभराने घरी आणलं. बोलणं शाबूत राहिलं, जरा जड झालं एवढंच. पाय थोडा थोडा उचलायला लागला. हात मात्र छातीशी दुमडून बसला, आणि डाव्या हाताची मूठ वळली. सैल मूठ नाही. अंगठा आत आणि त्याच्यावर चार बोटं आवळलेली. झोपेतच काय ती जरा ढिली पडायची.

त्या मुठीने आमचा जीव खाल्ला. आत हवा लागत नाही, पाणी लागत नाही. तळहाताला वास यायला लागला. नखं वाढून कातडीत रुतायला लागली. फिजिओथेरपीवाली एक तरणी मुलगी स्कूटीवर यायची. तिने मला शिकवलं की बोटं ओढायची नाहीत. आधी मनगट खाली वाकवायचं, मग अंगठ्याच्या बुडाशी धरून हळूच बाहेर काढायचा, की बाकीची बोटं सैल होतात. तिच्या हातात ती व्हायची. माझ्या हातात आत्या ओरडायच्या. मी घाईत असायची, माझी घाई त्यांना मनगटातूनच कळत असावी. मूठ आणखी घट्ट व्हायची. शेवटी यांनी दुकानातून यायचं, खांदा धरायचा, मी कापसाचा बोळा आत सरकवायचा, आणि जमलं तर एखादं नख कापायचं. शेजारच्या बाई एकदा दारात येऊन विचारून गेल्या, काय झालं म्हणून. काय सांगणार, सासूचं नख कापतेय?

अशाच एका दिवशी, बोळा घालून झाल्यावर, मी त्यांचं तोंड पुसत होते. त्या म्हणाल्या, "आगं, मपली मूठ अशीच राह्यली तर लिंग कुठं ठेवताल?"

"मी धरते ना समोर रोज," मी म्हणाले. ते खरंच होतं. त्यांचं लिंग मी माझ्या डाव्या तळहातावर त्यांच्यासमोर धरायची, त्या चांगल्या हाताने भस्म लावायच्या.

"आत्ताचं म्हणून न्हाई राह्यले मी. मला बसवताल तवा."

आमच्यात जाळत नाहीत. माणसाला मातीत बसवतात, मांडी घालून, आणि त्याचं लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. जन्मभर गळ्यात वागवलेलं ते शेवटी हातावर घेऊन माणूस जातो. आत्यांनी त्यांच्या सासूला असं जाताना पाहिलं होतं, नवऱ्यालाही. आता त्यांना त्यांची स्वतःची मूठ दिसत होती. माझ्या हातातला ओला नॅपकिन तसाच राहिला.

यांनी आमच्यातले विधी करणाऱ्या जंगम स्वामींना बोलावलं. ते म्हातारे आहेत, समजूतदार आहेत. म्हणाले, मुठीवर ठेवून दोऱ्याने बांधता येईल, भाव महत्त्वाचा. आत्यांनी मान हलवली आणि ते गेल्यावर मला म्हणाल्या, "भाव हाय की. पर ठिवायला तळहात पायजे न. बांधायला ती काय गाठोडं हाय?"

त्या दिवसापासून त्यांनी तो एकच धोशा लावला. जेवताना, कूस बदलताना, नळाला पाणी आलं म्हणून मी बादल्या घेऊन पळत असताना. मूठ उघडंल का गं? उघडंल का? खरं सांगायचं तर मला तेव्हा शेवटच्या दिवसाची काळजी करायला उसंतच नव्हती. मला आजच्या दिवसाचं पडलं होतं. त्यांचं अंग पुसायचं, कपडे बदलायचे, भात-वरण मिक्सरमधून काढायचं, पाठीला पावडर लावायची, यांचा डबा, लेकीचा डबा. मी थकले आहे हे मी भांड्यांना सांगायची. माणसांना सांगितलं की माणसं उपाय सांगतात.

लेक तेव्हा रिपीटर होती. लातूरला हा शब्द घराघरात माहीत आहे. मेडिकलचे मार्क कमी पडले की वर्षभर पुन्हा तेच क्लास, तीच पुस्तकं, त्याच टेस्ट. बाहेरगावची पोरं खोल्या घेऊन हे करतात, ही घरात राहून करत होती, म्हणजे तिला पळायलाही जागा नव्हती. रविवारी टेस्ट झाली की ती कुणाशी बोलत नसे. एका रविवारी तिने मोबाइलवर बघून घरच्या घरी नेल आर्ट करायला घेतलं. मला बरंच वाटलं. रडण्यापेक्षा रंग परवडला.

तिने सगळं साहित्य घरातूनच जमवलं. ठिपके द्यायला पेन्सिलच्या रबरात टाचणी खोचली. टोकापुरता पांढरा पट्टा काढायला सेलोटेपच्या बारीक पट्ट्या कापल्या. एका वाटीत गार पाणी, रंग लवकर धरावा म्हणून. माझ्याकडून कानउघाडणी झाली ती बेस कोटवरून. तो न लावता गडद रंग लावला की नखं पिवळी पडतात, आणि मग हळदीने पडली की रंगाने, ते कळत नाही. गंजगोलाईच्या बाजारातून तिने एक स्वस्तातलं पाकीट आणलं होतं. त्यात फोमची एक गुलाबी पट्टी होती, पायाच्या बोटांमध्ये घालायची, बोटं लांब राहून रंग एकमेकांना लागू नये म्हणून.

नातीला तो उजव्या हाताचा नियम कधीच लागला नव्हता; तिचा डावा हात सुंदर झाला. उजव्याचं वाटोळं झालं. मी म्हणाले, बाई, या विषयात मला विचार. पण तिला सराव करायला हात हवा होता. माझा हात कधी मोकळा नसतो. घरात मोकळा हात एकच होता.

"आज्जे, दे गं हात," ती म्हणाली आणि आत्यांच्या पलंगावर मांडी घालून बसली. आत्यांनी उजवा हात दिला. मी स्वयंपाकघरातून बघत होते की आता ओरडतात. ओरडल्या नाहीत. नातीने पाचही नखांवर पांढरी फुलं काढली. आत्या हात डोळ्यांजवळ नेऊन नेऊन बघत बसल्या. म्हणाल्या, "ह्ये नख लई वाकडं झालंय, पुसून काढ." त्या आजारी पडल्यापासून पहिल्यांदा मुठीखेरीज दुसऱ्या कशाबद्दल बोलल्या होत्या.

पुढच्या रविवारी फुलं उडालेली होती, ती पुन्हा काढली. आणि मग लेकीने सहज म्हणावं तसं म्हटलं, "आता दुसरा."

मी पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आले. "तो हात नाही," मी म्हणाले. "तो लिंगाचा हात आहे." बावीस वर्षांनी ते वाक्य माझ्या तोंडून आलं आणि मलाच कसंतरी झालं.

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मला सांगून राह्यलीस व्हय?" त्या म्हणाल्या. मग नातीला म्हणाल्या, "बघ, सुटतंय का."

लेकीला काही घाई नव्हती. पुस्तकाकडे परत जायचं नव्हतं, म्हणून तर ती तिथे बसली होती. तिने फिजिओथेरपीवालीला पाहिलं होतं. मनगट वाकवलं, कोमट पाण्याचं फडकं गुंडाळलं, आणि क्लासमधल्या एका सरांची नक्कल करत बसली. सर फळ्याकडे तोंड करून कसे ओरडतात, डस्टर कसं आपटतात. आत्या हसल्या. हसताना अंगठा बाहेर आला. तिने तो पकडून ठेवला नाही, नुसता आपल्या बोटावर टेकवला आणि त्याचं नख रंगवलं. "हलू नको आज्जे, ओलंय."

आणि आत्या हलल्या नाहीत. त्या अंगठ्याचा रंग वाळेपर्यंत आम्ही तिघी त्याच्याकडे बघत होतो. वाळला, आणि थोड्या वेळाने अंगठा पुन्हा आत गेला. पण पहिल्यासारखा खोल गेला नाही, असं मला वाटलं. वाटलं असेल नुसतं.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी क्लासहून आली की ती एखादं बोट घ्यायची. नख कापायचं, घासायचं, तळहात पुसायचा, रंगवायचं, वाळेपर्यंत थांबायचं. माझ्या हाताने जे दोघांनी धरूनही होत नसे, ते तिच्या हाताने बडबडीत होऊन जायचं. मला राग आला, हे कबूल करते. मी इतके दिवस मरमर मरत होते आणि कौतुक रंगाच्या बाटलीचं. फिजिओथेरपीवाली मुलगी म्हणाली, माणूस सैल झाला की हात सैल होतो. मी मनात म्हटलं, मला कोण सैल करणार? पण तळहातावरची जखम वाळत होती, वास गेला होता. माझं एक काम तरी उरकत होतं.

मग एक दिवस चारही बोटं उघडली. लेकीने ती गुलाबी फोमची पट्टी त्यांच्यामध्ये सरकवली. पट्टीने बोटं धरून ठेवली. आत्यांचा तळहात मी कितीतरी महिन्यांनी उजेडात बघितला, पांढराफटक, सुरकुतलेला. आत्याही बघत होत्या. मला वाटलं आता लिंग मागतील. नातीने लावलेल्या गुलाबी नखांकडे बघून त्या म्हणाल्या, "ह्यो गुलाबी न्हाई. तू लगीन होऊन आलीस तवा लावला व्हतास, तो रंग आण."

मी म्हणाले, "कुठला?"

"आतून चमकायचा बघ. मी खरवडला व्हता. मपल्या अंगठ्याला दोन दिस राह्यला व्हता तो."

मी स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला. कुकरची गरज नव्हती, भात झालेला होता. बावीस वर्षं मी समजत होते की त्या सकाळी त्यांना फक्त विटाळ दिसला. त्यांनी रंगही बघितला होता.

पुढच्या आठवड्यात मला आईला बघायला नांदेडला जायचंच होतं. एसटीत उभ्याने गेले, अहमदपूरला बसायला मिळालं. आईकडे चहा घेतला आणि वजिराबादला त्या जुन्या दुकानात गेले. बांगड्या, टिकल्या, नेलपॉलिश, सगळं छोट्याशा खणात कोंबलेलं. लहानपणी आम्ही मैत्रिणी तिथे मुद्दाम सकाळी जायचो. दुकानाचे चाचा शेड दाखवायला आपल्याच नखांना लावून दाखवायचे. त्यांची दहा नखं दहा रंगांची असायची, आणि ते गंभीर चेहऱ्याने हात पसरून म्हणायचे, बोलो बेटा, कौनसा? दुपारच्या नमाजाआधी सगळे रंग पुसून टाकायचे, कारण नखावर रंग असला की वजू, म्हणजे नमाजाआधीचं हात-तोंड धुणं, होत नाही. नमाजानंतर नवी गिऱ्हाइकं, नवे रंग. रिमूव्हरने त्यांची बोटं कायम भेगाळलेली असायची.

आता दुकान मुलाकडे आहे. त्याच्याकडे प्लॅस्टिकच्या नखांची माळ आहे, प्रत्येक नखावर एक शेड आणि मागे नंबर. काउंटरवर मी एकेक नख उलटत बसले. मरून सतरा तऱ्हेचे. एक काळपट, एक विटकरी, एक जांभळाकडे झुकणारा. मॅट म्हणून जे काही होतं ते चुना फासलेल्या भिंतीसारखं कोरडं दिसत होतं. मी शेजारी न्यूड रंगसुद्धा बघितले. मनात आलं, सरळ कातडीच्या रंगाचं घ्यावं. म्हातारी बाई, नवरा गेलेला, चार लोक येतात-जातात, लाल नखं बघून काय म्हणतील. ती बाटली मी हातात घेतलीसुद्धा. मग आत्यांचा चेहरा आठवला आणि ठेवून दिली. आजारी माणसाच्या नखांना आणखी आजारी रंग कशाला.

चाचा मागे खुर्चीवर बसलेले होते, खूप थकलेले. मी त्यांना विचारलं, मोतिया झाक असलेला मरून मिळेल का. त्यांनी मला ओळखलं नाही. माझ्याकडे न बघता म्हणाले, "वो अब नै आता, अम्मा." ज्यांनी मला बेटा म्हटलं होतं त्यांनी अम्मा म्हटलं. वाईट वाटलं, पण अम्माच दिसत असणार मी, एसटीतून उतरलेली. मग त्यांनी मुलाला हाताने खूण केली. "मरून दे, उसपे मोती दे. दो कोट मरून, एक कोट मोती." एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले.

दोन बाटल्या पर्समध्ये घालून मी संध्याकाळच्या गाडीने परत आले.

सोमवारी सकाळी लेक क्लासला गेली नाही. आत्यांना अंघोळ घातली, उशा लावून बसवलं. तिने मूठ सोडवली. पट्टी घातली. बेस कोट, मग मरून, मग पुन्हा मरून. शेवटी मोतियाचा पातळ हात दिला आणि रंग बदलला. तोच होता. माझ्या लग्नाच्या हाताचा रंग त्यांच्या वाकड्यातिकड्या जुन्या नखांवर. आत्यांचे ओठ हलत होते.

"हलू नको, ओलंय," लेक सवयीने म्हणाली.

"हलतंय कोण?" आत्या म्हणाल्या. "आगं, डबी काढ."

मी त्यांच्या गळ्यातली डबी उघडली, लिंग काढलं आणि त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवलं. भीती वाटत होती की मूठ वळेल आणि ते पडेल. पट्टी होती, बोटं लांब होती, आणि रंग ओला आहे हे त्यांना पटलेलं होतं. उजव्या हाताने त्यांनी भस्म लावलं. बेलाचं पान ठेवताना ते दोनदा पडलं, मी उचलून दिलं. मग त्या बघत बसल्या. मी त्यांच्या सुनेच्या नात्याने बाजूला उभी होते आणि माझे पाय दुखत होते, पण बसावंसं वाटलं नाही. रंग वाळून गेला तरी त्या बघत होत्या.

याला कुणी चमत्कार म्हणू नये. संध्याकाळपर्यंत मूठ पुन्हा वळायची. सकाळी पुन्हा फडकं, पुन्हा बडबड, पुन्हा पट्टी. लेकीची परीक्षा जवळ आली तेव्हा हे माझ्या गळ्यात आलं. मला सरांच्या नकला येत नाहीत. मी त्यांना नांदेडच्या चाचांच्या दहा नखांची गोष्ट सांगितली. ती त्यांना इतकी आवडली की रोज तीच सांगावी लागायची, आणि सांगताना माझी घाई कुठे जायची कळत नसे. रंग उडाला की नवा लावायचा. पाठीची पावडर, मिक्सर, बादल्या, सगळं होतं तसंच होतं. फक्त दिवसातून एकदा मी एका जागी बसायची, हातात ब्रश घेऊन, सोप्या बाजूने. आणि "मूठ उघडंल का" हा प्रश्न घरातून गेला.

पावसाळा संपत आला तेव्हा एका दुपारी जेवण झाल्यावर आत्या गेल्या. मी ताट उचलून नेलं, परत आले तर गेलेल्या होत्या. कुणाला हाक मारायच्या आधी मी पहिल्यांदा त्यांचा डावा हात बघितला. मांडीवर होता, उताणा. बोटं उघडी होती. पट्टी नव्हती घातलेली. मरून रंग दोन दिवसांपूर्वीचाच होता, कुठे उडालेला नव्हता.

पाहुणे जमले. शिरूर अनंतपाळहून यांची चुलतबहीण आली. अंघोळ घालताना तिचं लक्ष नखांकडे गेलं. "वयनी, ह्ये काय हाय? रिमूव्हर आणा. असं बसवायचं व्हय?"

"रिमूव्हर संपलंय," मी म्हणाले. फ्रिजच्या दारात अख्खी बाटली होती. माझ्या लेकीने माझ्याकडे पाहिलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

स्वामींनी भस्म लावलं, लिंग हातावर ठेवलं, आणि ते त्या तळहातावर नीट बसलं. त्यांनी नखं पाहिली असतील, पण मंत्र चालूच ठेवले. आत्या गेल्या त्या तशाच, लिंग बघत, माझ्या रंगाच्या पाच नखांनी ते सावरून.

काही दिवसांनी फिजिओथेरपीवाली भेटायला आली. चहा घेता घेता मी तिला सांगितलं की हात शेवटी कसा उघडा होता, आमच्या कष्टांना कसं यश आलं. ती चाचरत म्हणाली, "काकू, तसली मूठ मेंदूमुळे आवळलेली असते हो. माणूस गेलं की ती आपोआप सैल पडते. तुम्ही काहीच केलं नसतं तरी त्या वेळी उघडली असती." मग घाईघाईने म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

आम्हाला माहीत नव्हतं. आत्यांना नव्हतं, स्वामींना नव्हतं, यांना नव्हतं. माहीत असतं तर मी पहिल्याच दिवशी आत्यांना सांगून मोकळी झाले असते की काळजी करू नका, होईल सगळं वेळेवर. मग ती मूठ कुणी सोडवलीच नसती. ना लेक पलंगावर चढली असती, ना मी त्या रंगासाठी नांदेडपर्यंत गेले असते. मला तर रोजचं एक काम कमी झालं असतं, आणि तेव्हा मला तेवढंच हवं होतं.

कप विसळायला नेले. बरं झालं, आम्हाला आधी कुणी सांगितलं नाही.